हेमचंद्रगुरुजींचा डावा हात

बडनेऱ्याला रेल्वे क्वार्टरमध्ये एका पूजेला बसले असताना हेमचंद्रगुरुजींच्या हातातली पळी ताम्हनात पडली. ती उचलायला त्यांनी हात पुढे करायचा म्हटला, तर हात गेलाच नाही. यजमानांना वाटलं, गुरुजींचं ध्यान लागलं. यजमानांच्या सुनेला मात्र गुरुजींचं तोंड एका बाजूला ओघळलेलं दिसलं. तिनं आरडाओरडा करून ऑटो बोलावला. डॉक्टर नंतर म्हणाले, त्या पोरीमुळे हा माणूस वाचला.

वाचले, पण उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. पहिला महिनाभर ‘पाणी’ हा शब्दसुद्धा त्यांना सापडत नव्हता. एके सकाळी मात्र दवाखान्याच्या खाटेवर त्यांनी श्रीसूक्त सुरू केलं आणि पहिल्या ऋचेपासून शेवटपर्यंत न अडखळता म्हटलं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं हात जोडले. सूक्त संपल्यावर गुरुजींनी तांब्याकडे बोट दाखवलं आणि ते पुन्हा मुके झाले. त्यांची बायको कुंदा पाणी ओतायला वळली, ती बराच वेळ वळलेलीच राहिली.

सहा महिन्यांत बोलणं परत आलं, थोडं थांबत, थोडं शोधत. फिजिओथेरपीच्या मॅडमनी रोज व्यायाम करून घेतला, तसा पायही काठीच्या आधारानं चालू लागला. हात तेवढा आला नाही. तो मांडीवर ठेवला की मांडीवर राहायचा.

अमरावतीत रविनगरला त्यांचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. जुने यजमान बोलवायला येत. म्हणत, “गुरुजी, नुसतं बसा, मंत्र म्हणा, बाकीचं आम्ही करू.” गुरुजी मान हलवत. आयुष्यभर त्यांनी लोकांना ‘उजव्या हातानं, उजव्या हातानं’ असं बजावलं होतं. आता स्वतः डाव्या हातानं अक्षता कशा टाकायच्या? कुंदा आधी बालवाडीत शिकवायची. गुरुजींना एकटं ठेवता येईना, म्हणून तिनं ते सोडलं होतं. आता घरात बसून करता येईल असं काहीतरी हवं होतं.

त्यांची एकुलती मुलगी श्रावणी अकोल्याला जठारपेठेत राहायची आणि एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. दर दुसऱ्या रविवारी ती यायची. अशाच एका रविवारी तिनं आईला समोर बसवलं.

“आई, दुकान दुसऱ्याचं, माल दुसऱ्याचा. तू फक्त लिहायचं की ही वस्तू चांगली आहे. खाली लिंक द्यायची. त्या लिंकवरून कोणी घेतलं, तर कंपनी तुला कमिशन देते. अफिलिएट मार्केटिंग म्हणतात याला.”

“म्हणजे दलाली.”

“दलालीच म्हण.”

“आणि घेणाऱ्याला महाग पडते का?”

“नाही न. त्याला तीच किंमत. पण मला कमिशन मिळतं, हे पानावर स्पष्ट लिहायचं. लपवायचं नाही.”

खाटेवरून गुरुजी म्हणाले, “फुकट... फुकट कोणी काही देत नाही.”

“फुकट नाही बाबा. मेहनत आहे त्यात.”

श्रावणीनं आईचं पॅनकार्ड, बँकेचं खातं, सगळं भरून नोंदणी केली आणि एक साधी वेबसाइट उघडून दिली. अट एकच होती. सहा महिन्यांत निदान तीन वस्तू विकल्या गेल्या पाहिजेत, नाहीतर खातं बंद. आणि घरच्यांनी घेतलेलं धरत नाहीत.

कुंदानं मनापासून सुरुवात केली. इतर बायका काय करतात ते पाहून तिनंही मिक्सर, तवे, चाळण्या, साड्यांची कव्हरं यांच्यावर लिहिलं. ‘मैत्रिणींनो, ही वस्तू तुमच्याकडे असायलाच हवी!’ असं लिहिताना तिला स्वतःलाच कसंतरी व्हायचं. तो मिक्सर तिनं फोटोतच पाहिलेला. भिशीच्या ग्रुपवर तिनं लिंका टाकल्या. चौथ्या दिवशी एकीनं लिहिलं, “कुंदाताई, लिंका नका टाकू बाप्पा, फोन भरून राहिला.” त्याखाली तिघींनी हसरे चेहरे टाकले. कुंदानं फोन उलटा ठेवला आणि कणीक मळायला घेतली.

चार महिने गेले. एकही विक्री नाही.

मग एका दुपारी ती धुणं घेऊन आत आली, तर गुरुजी भिंतीकडे तोंड करून बसले होते. तिला वाटलं, जप करतात. जवळ गेल्यावर दिसलं, ते डाव्या हाताची नखं दातांनी कुरतडत होते. ज्या माणसानं जन्मात कधी उष्ट्या हातानं भांड्याला शिवलं नाही, तो माणूस.

तिची चाहूल लागताच त्यांनी हात धोतरात लपवला.

“मी कापून देते न,” कुंदा म्हणाली. “सांगायचं नाही का?”

“सगळंच तू करशील?” ते म्हणाले. “आंघोळ तू. गुंडी तू. पोळीचा... पोळीचा तुकडा तू. नखं तरी राहू दे.”

त्या दिवशी कुंदानं तवे-चाळण्या सोडून पहिल्यांदा फोनवर स्वतःसाठी काहीतरी शोधलं. एका हाताच्या माणसानं नखं कशी कापायची? मराठीत काहीच सापडलं नाही. इंग्रजीत सापडलं: एका छोट्या पाटावर घट्ट बसवलेलं नेलकटर, खाली रबराच्या चकत्या, म्हणजे पाट ओट्याला चिकटून बसतो. लांब दांडीवर कोपर दाबलं की झालं. तिनं ते ऑनलाइन बोलावलं.

पार्सल आल्यावर तिनं ते गुरुजींसमोर ठेवलं आणि मुद्दाम गच्चीत निघून गेली. अर्ध्या तासानं खाली आली, तेव्हा गुरुजी डावा पंजा डोळ्यांसमोर धरून बसले होते. पाची नखं कापलेली. करंगळीचं जरा तिरकं गेलं होतं.

“उजव्या हाताचं कोपर टेकवलं,” ते म्हणाले. “आणि खांद्यानं दाबलं. त्याला... त्यालाही कामाला लावलं.”

कुंदानं ते जसंच्या तसं लिहून काढलं. मैत्रिणींनो नाही, असायलाच हवी नाही. ‘माझ्या यजमानांचा उजवा हात चालत नाही. आज त्यांनी जवळपास वर्षभरानं स्वतःची नखं कापली. ती अशी.’ खाली लिंक दिली आणि कमिशनची ओळ लिहिली.

तीन आठवड्यांनी सकाळी तिनं खातं उघडलं, तर विक्रीच्या रकान्यात शून्याच्या जागी एक दिसला. ती तशीच चहाचं भांडं गॅसवर सोडून गुरुजींकडे धावली.

“कोणी घेतलं?” त्यांनी विचारलं.

“नाव नाही दाखवत. गावही नाही.”

“म्हणजे कुठंतरी एक माणूस...” ते थांबले. शब्द शोधत होते की दुसरं काही, तिला कळलं नाही. मग एकदम म्हणाले, “रबर ओलं करून चिकटवायचं. कोरडं सरकते. ते लिहिलं का तू?”

तिनं लिहिलं नव्हतं. चहा उतू गेला तो गेलाच, पण तिनं आधी ते लिहिलं.

तिथून पुढे ते काम दोघांचं झालं. एकदा एका हातानं झाकण उघडायच्या वस्तूवर लिहायचं म्हणून कुंदानं आपला उजवा हात ओढणीनं कमरेला बांधला आणि डाव्यानं लोणच्याच्या बरणीशी झटापट सुरू केली. गुरुजी आधी पाहत राहिले, मग हसायला लागले. आजारानंतरचं ते पहिलं हसू होतं.

“तुझा हात बांधलेला आहे, गेलेला नाही,” ते म्हणाले. “तो मदतीला धावून राहिला. इकडे आण ती बरणी.”

मग काठ उंच केलेलं ताट आलं, त्यातून भात बाहेर सांडत नाही. गुंडी लावायचा तारेचा आकडा आला. ताटाखाली घालायची न सरकणारी चटई आली. एक दिवस शिवलेलं, नाडीचं सोवळं आलं. तयार सोवळं नेसणाऱ्यांची गुरुजींनी आयुष्यभर थट्टा केली होती. त्या दिवशी ते स्वतः आत जाऊन, दार लावून, नेसून बाहेर आले. प्रत्येक वस्तू ते आठवडाभर वापरायचे आणि मगच ‘लिही’ म्हणायचे. दोन वस्तूंवर ‘नको’ म्हणाले, त्या कुंदानं परत पाठवल्या. ती छोटे व्हिडिओही काढू लागली. त्यांत फक्त डावा हात दिसायचा. चेहरा दाखवायला गुरुजी तयार नव्हते. “ज्यांच्या घरी मी पूजा सांगितल्या, ते पाहतील,” एवढंच म्हणायचे.

या वस्तू येत असतानाच तीन विक्र्यांची अट मुदतीच्या अकरा दिवस आधी पुरी झाली.

एका सकाळी, वेबसाइटवरचा कुंदाचा नंबर पाहून एका अनोळखी बाईचा फोन आला.

“ताई, मी भातकुलीहून बोलून राह्यली. दीपमाला. तुमचं ते नखं कापाचं मी माह्या मामंजींसाठी बोलावलं होतं. त्याहीले लकवा झाला न.”

“नीट आहे का? काही बिघडलं का?” कुंदा घाबरून म्हणाली.

“बिघडन काहून? चांगलं हाय. मामंजी आता घरातल्या पोट्ट्यायचे बी नखं कापून राह्यले, नको म्हटलं तरी आयकत नाहीत.”

दीपमालाचे सासरे भगवंत यांची भातकुलीजवळ वांग्याची आणि झेंडूची वाडी होती. आता ती वाडी दीपमाला सांभाळायची. त्यानंतर ती अधूनमधून फोन करू लागली. काय घ्यावं, काय घेऊ नये, सगळं कुंदाला विचारायची.

आणि मग तो हातमोजा आला.

एका कंपनीचं पत्र आलं. त्यांच्याकडे चुंबकांचा, बारीक लाल दिवे लावलेला एक हातमोजा होता. लकवा झालेल्या हाताच्या नसा तो पंचेचाळीस दिवसांत जागवतो, असा दावा होता. कुंदानं त्यावर लिहावं, एक नग मोफत, आणि विक्रीवर कमिशन इतर वस्तूंच्या दहापट. कुंदानं ते पत्र श्रावणीला पाठवलं. श्रावणीचा लगेच फोन आला, “आई, असल्या भानगडीत पडू नको.” कुंदाचंही तेच मत होतं. पण पत्र गुरुजींनी वाचलं होतं.

“बोलाव,” ते म्हणाले.

“अहो, व्यायामाशिवाय दुसरा इलाज नाही, असं मॅडम म्हणाल्या होत्या, आठवते न?”

“बोलाव, कुंदा.” त्यांच्या आवाजात असं काही होतं की तिनं कंपनीला होकार कळवला.

हातमोजा आला. गुरुजींनी त्याचं अनुष्ठानच मांडलं. सकाळी आंघोळ, संध्या, मग पूर्वेकडे तोंड करून तासभर हातमोजा. दिवे लुकलुकत. ते हाताकडे एकटक पाहत. मॅडमनी सांगितलेला व्यायाम मागे पडू लागला. कुंदा दाराआडून पाहायची आणि परत कामाला लागायची.

एकोणिसाव्या दिवशी त्यांनी मोठ्यानं हाक मारली. “कुंदा! ये लवकर! अंगठा हलला. बघ.”

ती धावत आली. त्यांनी हातमोजा काढला होता. ती वाकून पाहत राहिली. खिडकीबाहेर दोरीवरचं धोतर वाऱ्यानं हलत होतं, त्याची सावली हातावरून जात-येत होती. अंगठा होता तसाच होता.

“हलला न?”

तिनं वर पाहिलं. इतक्या महिन्यांत त्यांचा असा चेहरा तिनं पाहिला नव्हता. लहान मुलासारखा उघडा.

“हलला,” ती म्हणाली.

त्या दिवशी गुरुजी दोन पोळ्या जास्त जेवले. संध्याकाळी म्हणाले, “आता लिही. एकोणिसाव्या दिवशी अंगठा हलला, असं लिही. नाव घाल माझं. हवा तर... फोटोही घाल.”

“पंचेचाळीस दिवस होऊ द्या,” कुंदा म्हणाली.

रोज सकाळी ते विचारायचे आणि रोज ती ‘हो’ म्हणायची. ‘हो’ म्हणून ती लगेच आत निघून जायची. असे बारा दिवस गेले आणि दीपमालाचा फोन आला.

“ताई, त्या लाल दिव्याच्या हातमोज्याची जाहिरात मामंजीनं पाह्यली. तवापासून तेच एक घेऊन बसले. मी म्हटलं, थांबा, आपल्या ताईले इचारतो. तुमी म्हणसान त घेतो, नाही म्हणसान त नाही. आमी दुसऱ्या कोनाचं आयकत नाही.”

“चार दिवस दे मला,” कुंदा म्हणाली.

तिनं श्रावणीला सगळं सांगितलं. श्रावणी म्हणाली, “मी बाबांना सांगू का?”

“नको. खोटं मी बोलले. मीच सांगीन.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हातमोजा घालून बसलेल्या गुरुजींसमोर अंबाडीची भाजी निवडायला बसली. पानं तोडत राहिली. अर्धी जुडी झाल्यावर, मान वर न करता म्हणाली, “अहो, अंगठा नव्हता हलला.”

“कधी?”

“त्या दिवशी. मला नाही दिसला हलताना. तुमचं तोंड पाहिलं आणि हो म्हणाले.”

“आणि परवा?”

“परवाही नाही. एकदाही नाही.”

गुरुजींनी हातमोज्याची पट्टी दातात धरली आणि ओढली. हातमोजा खाली पडला, दिवे लुकलुकतच राहिले. “म्हणजे मी एकटाच पाहून राहिलो होतो,” ते म्हणाले. त्यांनी चपला चढवल्या, काठी घेतली आणि ते बाहेर पडले. आजारानंतर ते एकटे कधी बाहेर गेले नव्हते. कुंदा पदर सावरत मागे निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली. समोरच्या बागेतल्या बाकावर ते बसलेले दिसले. मान खाली घातलेली होती. तिला वाटलं जवळ जावं. ती गेली नाही. ते उठेपर्यंत बदामाच्या झाडाआड उभी राहिली आणि मग त्यांच्या आधी घरी पोहोचली.

दोन दिवस घरात मंत्रांशिवाय आवाज नव्हता. ती ताट वाढायची, ते जेवायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला हाक मारली.

“गंध लाव मला. नीट.”

तिनं लावलं.

“आता फोनवर व्हिडिओ काढ. तोंड दिसू दे.”

कुंदानं फोन पुस्तकांना टेकवून उभा केला. गुरुजी समोर बसले, उजवा हात सगळ्यांना दिसेल असा मांडीवर ठेवला.

“मी हेमचंद्र पुराणिक. मी... पौरोहित्य करत होतो. हा हातमोजा मी बत्तीस दिवस वापरला. माझा हात हलला नाही.” ते थांबले. “मला वाटलं हलला. बायकोला विचारलं, तिनं हो म्हटलं. मला दुःख होऊ नये म्हणून म्हटलं. तुमच्याही घरात कोणी असं म्हणत असेल. त्यांच्यावर रागावू नका. पण हा घेऊ नका. माझा पाय... पाय आला, तो रोजच्या व्यायामानं. या दिवसांत मी व्यायाम सोडला. ती माझी चूक. आजपासून पुन्हा करतो.”

कुंदा फोनच्या मागे उभी होती. तिनं पदर तोंडाशी धरला होता, हुंदका व्हिडिओत जाऊ नये म्हणून.

“झालं?” गुरुजींनी विचारलं.

“झालं.”

“मग चहा टाक. आणि हे बघ कुंदा... यापुढे मला नाही तर नाही सांगायचं.”

“सांगीन.”

“पण हळू सांग,” ते म्हणाले.

कुंदानं व्हिडिओ आधी दीपमालाला पाठवला, मग वेबसाइटवर टाकला. त्यावर कंपनीनं दोन ओळींचं पत्र पाठवून करार रद्द केला. कुंदानं हातमोजा खोक्यात घालून परत पाठवला. तो व्हिडिओ मात्र कुठून कुठं गेला. परभणीच्या एका बाईनं लिहिलं, ‘मी पण रोज हो म्हणते.’ अकोल्याच्या एका निवृत्त मास्तरांनी गुरुजींना व्यायामाचा हिशेब रोज कळवायला सुरुवात केली, गुरुजीही त्यांना कळवू लागले. जुन्या यजमानांनीही पाहिला. त्यातल्या कोणी काही वाईट म्हटलं नाही. छोट्या वस्तूंची विक्री हळूहळू वाढली. फार नाही, पण दूध आणि लाइटचं बिल त्यात निघू लागलं. कुंदानं पुन्हा कधी भिशीच्या ग्रुपवर लिंक टाकली नाही. आता तिथल्याच बायका खासगीत विचारायच्या, “कुंदाताई, माझ्या आईसाठी काही आहे का हो?”

दिवाळीनंतर एका सकाळी दारात ऑटो थांबला. आधी वांग्यांची पिशवी उतरली, मग दीपमाला, मग तिचा खांदा धरून भगवंत. ती साधारण तिशीची, चटपटीत बाई होती. भगवंत उंच होते, पांढरी टोपी घातलेले. गुरुजी त्यांना आत घ्यायला काठी टेकत दारापर्यंत गेले. दोघे समोरासमोर खुर्चीवर बसले आणि थोडा वेळ एकमेकांच्या हाताकडे पाहत राहिले.

“तुमचा कोन्ता?” भगवंतांनी विचारलं.

“उजवा.”

“माहा बी.” मग कुंदाकडे पाहून, जड जिभेनं म्हणाले, “गुरुजी, एक इचारू? वयनीनं खोटं सांगतलं, त राग आला होता का तुमाले?”

“आला होता.”

“मंग?”

“मग काय. बाकावर बसलो होतो. ही कोपऱ्यावर झाडामागे उभी. मला दिसत होती.”

कुंदाच्या हातातली बशी तशीच राहिली. “तुम्हाला दिसत होते मी?”

“तुला पाहत होतो म्हणून तर... उठलो,” गुरुजी म्हणाले.

भगवंत टोपी काढून हसले. एका बाजूनंच हसले, पण पोटभर.

चहा झाल्यावर दीपमाला कुंदाजवळ येऊन बसली. “ताई, एक काम होतं. मले शिकवसान का हे? घरी बसून मी बी करीन म्हणतो. वाडीतून हालता येत नाही मले.”

“काय विकशील?”

“तवे, मिक्सर, असं कायतरी? सगळे तेच टाकतात.”

“तुझ्याकडे मिक्सर कोणता आहे?”

“मिक्सर नाही माह्याकडं. पाटा हाय.”

“मग वाडीत रोज हातात काय असते तुझ्या?”

दीपमालानं विचार केला. “लांब दांड्याचं खुरपं हाय एक. आनलाइनच बोलावलं होतं. त्यानं वाकाचं काम पडत नाही. पयलं एक बोलावलं होतं, त्याचा दांडा आठ दिवसात निंगाला. हे दोन वर्सं झाले, टिकून हाय. आनि फवाऱ्याचा पंप. त्याचे त तीन पाह्यले म्या, दोन बेकार निंगाले.”

“त्या दोन पंपांचं आधी लिही,” कुंदा म्हणाली. “बेकार काहून निघाले ते.”

“मले लिवता कुठं येते ताई, शुद्ध मराठी?”

“आत्ता बोलली तसं बोल. आम्ही सगळं समजलो न?”

कुंदानं फोनवर नोंदणीचा फॉर्म उघडला. दीपमालानं पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं पॅनकार्ड काढलं, म्हणजे ती ठरवूनच आली होती. पलीकडे गुरुजी भगवंतांना खांदा कसा फिरवायचा ते दाखवत होते, आणि भगवंत म्हणत होते, “हळू घ्या गुरुजी, मी काही पयलवान नाही.” कुंदानं चष्मा पुसला आणि पहिल्या रकान्यात एकेक अक्षर शोधत दीपमालाचं नाव लिहायला सुरुवात केली.